मामंजींचं मैदान

नव्या सुनेला बघायला लोक येतात, हे मला माहेरी सांगून ठेवलं होतं. पण शिरूरला आमच्या घरी येणारे लोक मला दोन मिनिटं बघतात आणि मामंजींचे किस्से दोन तास सांगतात! मामंजी म्हणजे माझे सासरे. इथल्या शाळेत तीस वर्षं ड्रिलमास्तर. अर्धं गाव त्यांच्या शिट्टीवर धावून मोठं झालेलं. मेथीची जुडी घ्यायला गेलं तरी भाजीवाला जुडीबरोबर एक किस्सा पिशवीत टाकतो. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं हिला अजून सांगायला हवं. चार महिन्यांत इतके साठलेत, की कुठंतरी उतरवून ठेवले नाहीत तर स्वैपाकघरात भांड्यांना जागा उरायची नाही.

यंदा मामंजींचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. एप्रिलात निवृत्ती. त्याआधी एकच मोठं काम उरलं होतं, शाळेचे वार्षिक खेळ. त्या खेळांत मामंजी शिट्टी वाजवणार की नाही, या काळजीनं आमच्या घरात आठवडाभर कुणाला जेवण गोड लागलं नाही. ते सांगतेच. पण आधी भाल्याचं.

*

भालाफेकीचा मामंजींचा नियम असा, की शेवटचा भाला जमिनीत रुतेपर्यंत दोरीपलीकडं कुणी जायचं नाही. भाला तरी कसला, सुताराकडून तासून आणलेला वेळू!

एकदा तेव्हाचे हेडमास्तर छत्री घेऊन मैदानातून आडवे निघाले. तिकडून ऑफिस जवळ पडायचं. इकडं दहावीच्या पोरानं भाला खांद्यावर घेतलेला. मामंजींनी शिट्टी मारली. हेडमास्तर थांबेनात. दुसरी मारली. तेव्हा ते वळले आणि रागानं म्हणाले, “अहो मास्तर, मी हेडमास्तर आहे!”

मामंजी म्हणाले, “मला माहिती आहे सर. भाल्याला माहिती नाही.”

हेडमास्तर दोरीच्या अलीकडं आले. त्या दिवसापासून ते वळसा घालूनच ऑफिसला जायचे, भालाफेक नसली तरी!

*

हा पुढचा किस्सा सासूबाईंचा. तो सांगताना त्या आधी पदर खोचतात.

उंच उडीच्या खड्ड्यात तेव्हा वाळूसुद्धा नव्हती. पोरं टणक जमिनीवर पडायची. मामंजींनी मळ्यातून गाडीभर पेंढा मागून आणला आणि खड्डा मऊमऊ भरून ठेवला. सकाळी येऊन बघतात तर खड्ड्यात दोन बैल! पेंढा संपवून रवंथ करत बसलेले. आणि तासाभरात उडी.

“मी चुलीपाशी हुते,” सासूबाई म्हणतात. “हे आले, बोलले न्हाईत, चालले न्हाईत, माझ्या माहेरची गादी गुंडाळली आन् खांद्यावर टाकून गेले की! गावाला वाटलं भांडण झालं, मास्तर घर सोडून चाललं.”

“मग?”

“मग काय! पोरगं उडालं, गादीवर पडलं, तालुक्यात पहिलं आलं. आन् मी पुढं दोन वर्सं घोंगडीवर झोपले. गादी परत कशी येणार? पुढच्या पोराला उडायचं हुतं ना!”

मामंजी एवढ्यात पेपर डोळ्यांसमोर धरतात. पण त्यांचे कान हसताना हलतात, हे मी पाहिलंय.

*

दौंडला, माझ्या माहेरी, रेल्वेत एक फिटरकाका आहेत. शिरूरच्या शाळेत शिकलेले. सातवीत असताना कबड्डीत पडले आणि त्यांचा हात कोपराखाली वाकडाच झाला. भोवती माणसं जमली. एकजण म्हणाला, “वढा रं, जोरात वढा, आत्ता बसतंय हाड!” दुसऱ्यानं बाह्यासुद्धा सरसावल्या.

मामंजी मध्ये उभे राहिले. “जो ओढंल त्याचा हात मी ओढीन.”

मग वर्गात जाऊन गणिताच्या मास्तरांची लाकडी फूटपट्टी आणली, स्वतःचा रुमाल फाडून हाताला बांधली आणि पोराला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. चाक खड्ड्यात गेलं की हात हलू नये म्हणून पूर्ण वाट तो हात स्वतःच्या मांडीवर धरून बसले. डॉक्टर म्हणाले, ओढला असता तर हात गेला असता.

आज तोच हात इंजिनाचे नट पिळतो. आणि त्याच हातानं माझ्या वडिलांना पत्र लिहिलं, की शिरूरला माझ्या मास्तरांचा मुलगा आहे, डोळे मिटून द्या. म्हणजे माझा संसार त्या फूटपट्टीवर उभा आहे. हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

गणिताचे मास्तर मात्र लग्नात जेवायला बसल्यावरसुद्धा म्हणाले, “सगळं छान झालं. माझी पट्टी तेवढी राहिली.”

*

आता मैदानाचं.

खेळांच्या दिवशी पहाटे मामंजी चपला काढून सगळं मैदान अनवाणी चालायचे. एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून, एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात. कारण पोरं अनवाणी धावतात. कॅनव्हासचे बूट सगळ्या शाळेत दोन जोड, तेही एकाच मापाचे. आणि सराट्याचे काटे असे लबाड, की फक्कीच्या पांढऱ्या रेघेतसुद्धा दिसत नाहीत. डोळ्यांना सापडत नाही ते पायाला सापडतं, असं मामंजींचं म्हणणं. मागून शाळेचे शिपाई रहिमानचाचा पत्र्याचा डबा घेऊन. मामंजी थांबले की चाचा वाकणार, काटा डब्यात. सगळं झालं की मामंजी ओरडणार, “मैदान पास!” त्याशिवाय शिट्टी नाही. कुणीही येऊन बसलेलं असो.

एकदा एका पोराचे वडील हसले. “मास्तर, आमच्या पोरांच्या टाचा दगडावानी हायत. काटा काय करंल त्येंना?”

मामंजी म्हणाले, “टाच दगडाची असंल. पोरगं न्हाई.”

*

इथून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं.

खेळांना आठ दिवस होते. मामंजी मैदानावरून आले, पाय धुऊन पाटावर बसले. मी वाढायला आले तर सारवलेल्या जमिनीवर उंबऱ्यापासून पाटापर्यंत लाल ठिपके. मामंजी शांतपणे भाकरी कुस्करत होते.

“मामंजी, पायात काटा आहे.”

“कुठं?”

बाभळीचा होता, बोटाच्या पेराएवढा. जेवण झाल्यावर मी सुई घेऊन बसले. ते पेपर वाचत होते. मी काटा काढला, आयोडीन लावलं. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, “काढ की गं, थांबलीस का?”

मी काटा त्यांच्या तळहातावर ठेवला. पेपर खाली पडला तो कुणी उचलला नाही.

डॉक्टर म्हणाले, साखर आहे, तळपायांची जाणीव गेली, यापुढं अनवाणी पाऊल टाकायचं नाही. मामंजी घरी येऊन एवढंच बोलले, “ज्याला काटा कळत नाही, त्यानं मैदान पास करायचं नाही. शिट्टी दुसऱ्या कुणाला द्या.”

सासूबाई म्हणाल्या, “घ्या! तीस वर्सं माझं बोलणं लागत नव्हतं, आता काटाबी लागंना!” आणि आत जाऊन चुलीत फुंकर घालत बसल्या. चूल पेटलेलीच होती.

*

मग सुरू झाला पायांचा शोध.

पहिले रहिमानचाचा. “मास्तर, तुम्ही बसा. म्या हाय की!” एक आख्खा पट्टा ताठ चालून गेले आणि ओरडले, “साफ हाय!” मामंजींनी त्यांना पाय वर करायला सांगितला. तळव्याला पाच सराटे!

“चाचा, हे काय?”

“ह्ये व्हय?” चाचा निरखून बघत म्हणाले. “ह्ये कालचं असंल.”

आत्ताचे हेडमास्तर स्वतः तयार झाले, पण पायमोजे काढायला तयार नव्हते. बाकीच्यांच्या टाचा जन्मभर ढेकळं तुडवून अशा झालेल्या, की वर खिळा ठोकला तरी खबर लागू नये.

त्या संध्याकाळी मी तुळशीला पाणी घालायला अंगणात उतरले आणि खडा टोचला म्हणून “आई गं!” म्हणाले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं.

“अहो,” त्यांनी आत हाक मारली, “हिकडं या. सापडले!”

“काय सापडलं?”

“पाय! रेल्वे क्वार्टरच्या फरशीवर वाढलेत. दाणा टोचला तरी रडत्यात!”

सुनेची पहिली स्तुती झाली ती अशी. मामंजी नको नको म्हणाले. नवी सून मैदानावर, लोक काय म्हणतील! सासूबाई म्हणाल्या, “लोकांचीच पोरं हायत न्हवं पळायला? मग गप बसत्याल.” आणि मग माझ्याकडं वळून, जरा हळू, “जाशील का गं?”

या घरात मला कुणी काही विचारलं, तर उत्तराची वाट बघतात. हे मला तेव्हा कळलं. मी मान हलवली.

*

खेळांच्या दिवशी पहाटे आमची वरात निघाली. पुढं मी, अनवाणी, साडीच्या निऱ्या चिमटीत. मागं डबा घेऊन चाचा. त्यांच्या मागं सासूबाई. शेवटी मामंजी, पायात चपला, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

“आई गं!” चाचा वाकले. डब्यात खण्ण.

“आई गं!” खण्ण.

एवढ्यांदा आईचं नाव मी सासरी पाठवणीतसुद्धा घेतलं नव्हतं.

तिसऱ्या पट्ट्याला रस्त्यावरून दूधवाला सायकलवर आला. थांबला. नवी सून विव्हळत चाललीय, सासू मागून हाकतेय, सासरा बघतोय! त्याला राहवलं नाही. “काय वो मास्तरीणबाई, चौथ्या म्हैन्यातच सासुरवास?”

“दूध घाल जा,” सासूबाई म्हणाल्या. “पास करतोय तिला!”

ऊन वर आलं तेव्हा सगळे पट्टे झाले होते. डबा अर्धा भरला होता. मामंजी मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि खिशातून शिट्टी काढून धोतराच्या सोग्यानं पुसली.

*

पाहुणे पुण्याचे मोठे साहेब होते. तासभर उशीर. मांडव भरलेला, एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही बायका. शंभर यार्डांच्या शर्यतीसाठी चौथीची पोरं रेघेवर वाकून उभी. तेवढ्यात जीप आली, आणि रस्त्यानं यायची ती वेळ वाचवायला शेजारच्या सराट्यांनी भरलेल्या पडीक रानातून आली. फक्कीच्या सगळ्या रेघा आडव्या कापत थेट मांडवापाशी थांबली. साहेब उतरले, हार झाले, हेडमास्तरांनी हात जोडले. “मास्तर, सुरू करा! साहेबांना घाई आहे.”

मामंजींनी शिट्टी तोंडाशी नेली. चाकांच्या खुणांकडं पाहिलं. शिट्टी खाली घेतली. मग बायकांच्या बाजूला वळले आणि सगळ्या गावासमोर विचारलं,

“सूनबाई, मैदान पास?”

शिरूरमध्ये माझा आवाज तोवर चुलीपलीकडं गेलेला नव्हता. मला त्या रेघेवर वीसेक जोड छोटे पाय दिसत होते.

“नापास!”

“अहो, काय बोलताय!” हेडमास्तर पुटपुटले. साहेब खुर्चीतून पुढं झुकले. “कोण बोललं ते?”

मी उभी राहिले. म्हणजे सासूबाईंनी मागून ढकललं. “मी.”

“कशानं नापास?”

“तुमच्या जीपनं.”

साहेबांनी जीपकडं पाहिलं, खुणांकडं पाहिलं, पोरांच्या पायांकडं पाहिलं. आणि मग खाली वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

“चाचा, डबा आणा,” मामंजी म्हणाले. “साहेब, एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून. घाई करायची न्हाई.”