चौथं लिंबू

भूत, करणी, नजरबिजर... माझ्यासमोर नाव काढायचं नाही! डोंबिवलीत आमच्या चौकात कुणीतरी उतारा म्हणून ठेवलेला नारळ मी घरी आणून त्याची चटणी खाल्लेली आहे. साधा ढेकरसुद्धा वेगळा आला नाही. असा मी माणूस. तरी गेल्या वर्षी जे घडलं ते सांगतो, तुम्हीच काय ते ठरवा.

माझा साडू प्रकाश कल्याणला खडकपाड्याला राहतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याने गाडी घेतली. गाडी कसली, दिवाणखाना! वरचं छत उघडतं, आतून बाई बोलते, सीट थंड होते. माझी बारा वर्षांची गाडी शेजारी लावली तर वॉचमन म्हणाला, "काका, भंगारवाला मागच्या गेटने येतो." बरं, शब्द थोडे वेगळे असतील... नजर तीच होती.

मंगळवारी सकाळी गेटवर पूजा आणि तिथूनच टिटवाळ्याला, गणपतीला गाडी दाखवायला. मेहुणी सविता भारी हौशी. तिने चार लिंबांना हळदकुंकू लावलं, प्रत्येकात एक लवंग खोचली आणि चारी चाकांखाली ठेवली. सासूबाई प्रकाशवरून बोटं मोडत म्हणाल्या, "जावई असावा तर असा!" माझ्या पोटात मिरच्यांचं पोतं फुटलं.

सगळे नारळ फोडण्यात गुंतलेले. मी वाकलो, पुढच्या डाव्या चाकाखालचं लिंबू हळूच काढलं आणि माझ्या खटाऱ्याच्या चाकाखाली सारलं. का म्हणून काय? माझ्या गाडीची दृष्ट कोण काढणार, तुम्ही?

प्रकाशने तीन लिंबं चिरडली, मी एक. माझं फच्चकन फुटलं, रस उडालेला मी डोळ्यांनी बघितला.

"दादा, तुम्ही सावकाश या," प्रकाश हसत म्हणाला. "आम्ही पुढे जाऊन रांग धरतो."

सावकाश? मी? शहाडचा पूल ओलांडला तेव्हा पुढे मी होतो. काटा एकशे साठवर... बरं, पंच्याण्णव धरा, त्यापुढे दार वाजतं. शेजारी बायको ओरडतेय, "अहो, गणपतीला चाललोय की यमाला?" मागून प्रकाश हॉर्नवर हॉर्न देतोय, बाजू मागतोय. मी देतोय होय! तो उजवीकडे आला, मी उजवीकडे. तो डावीकडे, मी डावीकडे. बल्याणीच्या अलीकडे त्याने डाव्या कडेने मुसंडी मारली आणि – फाट्!

आरशात तो दिवाणखाना गर्रकन फिरला आणि मोरीच्या कठड्यावर आदळला. माझी गाडी थांबेपर्यंत मी दोनशे पावलं पुढे गेलेलो. धावत मागे आलो. सविता हात पोटाशी धरून रडत होती, मनगट भलतीकडेच वळलेलं. पुढचं डावं चाक खड्ड्यात फुटलेलं. आणि त्या चाकाखाली... एक लिंबू. अख्खं. कुंकू लावलेलं, लवंग खोचलेली.

हात लावायची हिंमत झाली नाही. माझी!

तुम्ही म्हणाल, रस्त्यात कुणीही लिंबं टाकतं. लवंगेसकट? नेमकं त्याच चाकाखाली? संध्याकाळी गेटवर जाऊन बघितलं. चेंदामेंदा झालेली चार लिंबं तिथेच पडलेली – त्याची तीन, माझं एक. सविताने आणलीच चार होती, तेही विचारून घेतलं. टायर खड्ड्याने फुटला, वेगाने फुटला, एवढं मला कळतं. पण ते पाचवं आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी सविताच्या मनगटाचं ऑपरेशन होतं. बाहेर बाकावर प्रकाश माझ्याशेजारी येऊन बसला. डोळे भरलेले.

"चूक माझी, दादा. तुमच्या त्या जुन्या गाडीच्या मागे राहायचं मला सहनच होईना. डोकं फिरलं माझं."

तिथे मी बोलायला हवं होतं. बाजू मी दिली नाही, लिंबूही मीच काढलं. मी काय म्हणालो? "जाऊ दे रे. चहा घेतोस?"

सविताला त्या हाताने अजून पोळी लाटता येत नाही. लिंबाचं कोडं सुटलेलं नाही, सुटेलसं वाटतही नाही. प्रकाशची गाडी दुरुस्त होऊन आली, पुन्हा तशीच चकाचक... तिचं आता मला काही वाटत नाही. पण 'चूक माझी' हे दोन शब्द त्याला इतक्या सहज बोलता आले, यावर मात्र मी अजून जळतो.