ओमुर्झाकने फोडलेला हंबरडा

आत-बाशी नदीच्या खोऱ्यात ओमुर्झाकची पाठ जमिनीला लावणारा गडी बरीच वर्षं जन्मला नव्हता. पेशानं तो घोड्यांना नाल ठोकायचा. मान याकाची, पकड सांडशीची, आणि डोळे मात्र नुकत्याच व्यालेल्या शेळीसारखे हळवे. लग्नकार्यात कुस्त्या लागल्या की हा कमरेचा शेला कसून फडात उतरायचा, समोरच्याचा शेला दोन्ही हातांनी धरायचा आणि बघता बघता त्याला छातीवरून मागं भिरकावून द्यायचा. जिंकणं त्याला कधी जड गेलं नाही. जड जायचं ते दुसऱ्या दिवशी उठणं. पण ते कबूल केलं तर तो ओमुर्झाक कसला.

कुस्तीनंतरचा मुका मार काढायचं काम गावात बुबुकान आपाचं. मेंढा कापायचा, कातडं गरम आहे तोवर लोकर बाहेर ठेवून गड्याच्या उघड्या अंगाला गुंडाळायचं, वर घोंगड्या टाकायच्या आणि घाम निथळेपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. मधूनमधून कढत रस्सा पाजायचा. आपा म्हणजे आई. ती पोटच्या लेकराची आई कधी झाली नाही, म्हणून साऱ्या पैलवानांची झाली होती. ओमुर्झाकला ती दर कुस्तीनंतर बोलवायची आणि हा दर वेळी म्हणायचा, "आपा, कातडं मेंढराला शोभतं. मला नुसती झोप पुरते."

"मेंढराला निदान ते अंगावर ठेवायची अक्कल असते," आपा म्हणायची.

तर एका वर्षी, डोंगरावरचे कळप खाली उतरले होते, गवताच्या गंज्या लागल्या होत्या, आणि नदीकाठच्या एका लग्नात शेवटची जोड लागली ओमुर्झाक आणि सागिनालीची. सागिनाली नदीपलीकडचा मेंढपाळ. अंगानं बारीक, पण वादीसारखा चिवट. बराच वेळ दोघं एकमेकांच्या शेल्याला लोंबकळत राहिले. शेवटी ओमुर्झाकनं त्याला उचललं, पण फेक जराशी तिरकी गेली. सागिनाली पाठीवर न पडता उजव्या खांद्यावर पडला. तो आवाज लोकांनी कानांनी ऐकला, ओमुर्झाकनं पोटात ऐकला.

पडलेल्यानं उठून जिंकलेल्याचा हात हातात घ्यायचा, ही फडाची रीत. सागिनाली उठला आणि हात न देताच वळला. दोघांनी धरून त्याला घोड्यावर बसवलं, आणि तो मान खाली घालून नदीकडं निघून गेला. इकडं लोकांनी ओमुर्झाकच्या हातात बक्षिसाच्या मेंढ्याची दोरी दिली. ती त्याला पहिल्यांदाच जड लागली.

घरी बायकोनं, सालिमानं, पुढ्यात वाडगं ठेवलं. रश्श्यावर साय धरली तरी हा तसाच बसून.

"हात दिला नाही त्यानं," तो म्हणाला.

"हरलेला माणूस काय नाचत जातो? रागावला असेल."

"सागिनाली रागावणारा नाही. त्याला काहीतरी झालंय, आणि ते माझ्या हातून झालंय."

"मग इथं बसून रस्सा गार करण्यापेक्षा सकाळी जा आणि बघून ये."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा. दुसरं कुठलं आणणार तू."

सकाळी त्यानं मेंढा जिनावर आडवा टाकला. आपण गड्याला फेकलं, तर त्याला गुंडाळायला कातडंही आपल्याच मेंढ्याचं हवं, असा त्याचा हिशेब. मेंढा उचलताना कमरेत काहीतरी चमकलं. त्यानं लक्ष दिलं नाही.

नदी उतरून वर आला आणि टेकाडावरून सागिनालीचं घर दिसलं. दिसलं मात्र, त्यानं लगाम खेचला. दाराशी घोडे बांधलेले. भिंतीला टेकून टोप्या घातलेले बाप्ये, त्यात एक म्हातारा काठीवर रेललेला. अंगणात मोठी कढई चढलेली, दारापाशी रक्ताचा ओला डाग. बायका खाली मानेनं आतबाहेर करतायत. मयताचं घर याहून वेगळं काय दिसतं?

आणि मयताच्या घरी बाप्यांनी गुपचूप जायचं नसतं. घर दिसलं की घोडा भरधाव सोडायचा आणि जिनावरूनच हंबरडा फोडायचा. दारातल्यांनीही उभं राहून तसाच टाहो फोडायचा. ओमुर्झाकनं टाच मारली.

"अरे माझ्या डोंगरा रे, माझ्या पाठच्या भावा रे, मला टाकून कुठं गेलास रे."

मेंढाही मधूनमधून सूर धरत होता.

आता दारातल्यांची गंमत बघा. ते आले होते सागिनालीची विचारपूस करायला. मेंढा कापला की विचारपूस करणारे जरा वाढतात, इतकंच. त्यांनी पाहिलं, ओमुर्झाक हंबरडा फोडत येतोय. म्हणजे नदीपलीकडं कुणीतरी मोठं माणूस गेलं. कोण ते नंतर विचारू, आधी रीत. सगळे उठले, त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि टाहो फोडला. त्यांचं ऐकून ओमुर्झाकची उरलीसुरली आशा सुटली आणि तो दुप्पट रडू लागला. त्याचं बघून हे तिप्पट. बराच वेळ कुणी कुणाला जिंकू दिलं नाही.

शेवटी घरातून आवाज आला, "अरे, गेलं कोण ते मला तरी सांगा. मला उठता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो."

आवाज सागिनालीचा होता.

ओमुर्झाक जिनावरच तोंड उघडं टाकून बसून राहिला. काठीवाल्या म्हाताऱ्यानं डोळे पुसत विचारलं, "कुणासाठी रडत होतास रे?"

"सागिनालीसाठी."

"आणि आम्ही?"

"ते मला काय माहीत, दादा."

हसावं की रडावं हे न कळून ओमुर्झाकनं उतरायला पाय जिनावरून फिरवला, आणि तिथंच कमरेत उसण भरली. अर्धा वर, अर्धा खाली. ना चढता येई, ना उतरता. सागिनालीसाठी पहाटेच आलेली बुबुकान आपा बाह्या सावरत बाहेर आली. तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग मेंढ्याकडं.

"बरं झालं आणलास. घ्या रे खाली दोघांना."

"आपा, तो सागिनालीसाठी आहे."

"त्याला कधीच गुंडाळला. हा तुझ्या मापाचा आहे."

थोड्या वेळानं चुलीशेजारी दोन गाठोडी आडवी पडली होती. दोन्हींतून फक्त डोकी बाहेर.

"ऊबदार आहे की," ओमुर्झाक पुटपुटला.

"मेंढराला शोभतं ना?" सागिनाली म्हणाला.

"गप. खांद्याचं सांग."

"डॉक्टरीणबाई रात्रीच बघून गेल्या. म्हणाल्या, हाड शाबूत आहे, सांधा जाग्यावर आहे. पण आत ठेचलंय. काल हात वर येईचना. डावा दिला असता तर तू शिवी समजला असतास."

"म्हणून वळलास?"

"मग काय तुझं थोबाड बघत उभा राहू? आता सूज उतरल्यावर कळेल, मेंढरं हाकता येतील की नाही."

आपानं दोघांना रस्सा पाजला आणि बोलू नका म्हणाली. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

आधी सागिनालीचं कातडं सुटलं. आपानं गरम पाण्यानं त्याचं अंग पुसलं, खांद्याला मेंढ्याच्या शेपटीची चरबी चोळली आणि म्हणाली, "आता उचल. हळू."

हात पोटापर्यंत आला. छातीशी थांबला, थरथरला. मग तो हात पुढं झाला, सरळ, खांद्याच्या रेषेत.

"घे," सागिनाली म्हणाला. "कालचा राहिला होता."

"आपा, सोड मला."

"तुझा घाम अजून निघायचाय. पडून राहा."

"आपा, एक हात तरी."

"नाही."

सागिनाली हसला. त्यानं तोच उजवा हात ओमुर्झाकच्या कपाळावर ठेवला आणि डोळ्यांवरचं पाणी पुसून काढलं. "घाम समजून पुसतोय," तो म्हणाला. बाहेर दुसऱ्या मेंढ्याची कढई चढली होती, आणि विचारपूस करणारे हलायचं नाव घेत नव्हते.

पुढं ओमुर्झाक खूप कुस्त्या जिंकला. पण बक्षिसाची दोरी तो लगेच घेत नसे. आधी पडलेल्याचा खांदा चाचपायचा, हात वर करायला लावायचा, आणि मगच मेंढ्याकडं वळायचा. मेंढा थेट बुबुकान आपाकडं. नदीपलीकडं गेला की काठीवाला म्हातारा लांबूनच विचारायचा, "आज कोण गेलं रे?"

"कुणी नाही, दादा," ओमुर्झाक म्हणायचा. "सगळे आहेत."