बरणी तेवढीच होती

माझे बाबा पहिल्यांदा गेले, तेव्हा ते त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, पाठीवर झोळीत होते.

आज सकाळी दुसऱ्यांदा गेले.

पहिली वेळ जव्हार संस्थान होतं तेव्हाची. आजीने इतक्यांदा सांगितली आहे की मीच तिथे उभी होते असं वाटतं.

जव्हारच्या बाजारात एक मास्तर विजेचा खेळ घेऊन आले होते. हाताने फिरवायचं चाक आणि आतून-बाहेरून पत्रा लावलेली काचेची बरणी. चाक फिरवलं की बरणीत वीज साठायची. जुन्या काळचा कपॅसिटरच तो.

मास्तर म्हणाले, एकमेकांचे हात धरून गोल उभे राहा. एका टोकाच्याने बरणी धरा, दुसऱ्या टोकाच्याने बरणीवरच्या धातूच्या गोळ्याला बोट लावा.

पण आमच्या माणसांना गोल म्हटलं की तारपा वाजला की कमरेला धरून करतात तो नाचच आठवणार.
हात कुणी धरलेच नाहीत. सगळ्यांनी पाठीमागून एकमेकांच्या कमरेला विळखे घातले.

पहिल्या वेळी मास्तरांनी चाक थोडंच फिरवलं. गुदगुल्या झाल्या, लोक खिदळले.

आजी भिऊन बाजूला उभी होती. बायकांनी ओढलं तेव्हा तिने मास्तरांना विचारलं, "आता जास्ती लागंल का?"

"बरणी तीच आहे बाई. तिची धारकता काही वाढत नाही."

आजीला पटलं. धान्य मापायची पायली भरली की भरली, वर ओतलं तर सांडतं.
ती गोलात शिरली. दोन्हीकडच्या बायकांचे हात तिच्या पाठीमागे गेले, ते नेमके बाळाच्या उघड्या पायांवर टेकले.

गर्दी जमली म्हणून मास्तरांनी या वेळी चाक बराच वेळ फिरवलं.

सगळा गोल एका दणक्यात फुटला. माणसं मातीत बसली.
झोळीतून आवाजच नाही.

"माझा पोर बोलत नाय," आजी म्हणाली.

मास्तर एकच सांगत होते, बरणी तीच होती हो. बायका बाळाचे पाय चोळत होत्या. आजीने बाळाच्या छातीला कान लावला आणि तशीच बसली.

मग बाबा रडले.

बारावीला physics मध्ये कळलं, मास्तर खोटं बोलले नव्हते. Voltage वाढवलं म्हणून त्या बरणीची capacitance बदलत नाही. आत साठणारा charge मात्र वाढतो, आणि धक्का त्याहून वाढतो. बरणी म्हणजे पायली नव्हे, सायकलची ट्यूब. ट्यूब तीच, हवा पंप माराल तेवढी जाते.

पेपरात हाच प्रश्न आला. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते नुसते हसले.

त्यांना साप चावला तेव्हाही हसले होते. "घाबरतेस काय? मी एकदा जाऊन आलोय, रस्ता माहीत आहे."

आज सकाळी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. हाक मारली.
आवाज नाही.

मी पाय चोळले. छातीला कान लावला आणि तशीच बसले.

भाऊ म्हणाला, "ताई, सोड आता."

कसं सोडणार? मी कान उचलला आणि तेवढ्यात ते रडले तर?

उचलला शेवटी. तेव्हापासून भीती वाटतेय, अजून वाटतेय.

बाबा, रस्ता माहीत आहे म्हणाला होतात.
नीट जा.