नकाशाच्या अटी आणि आत्याचं दार

माझे वडील दस्तलेखक. तहसीलसमोरच्या लिंबाखाली बसून त्यांनी जन्मभर खरेदीखतं लिहिली. जागा स्वतः पाहिल्याशिवाय चतुःसीमा लिहायची नाही, हा त्यांचा हट्ट. पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला कोणाचं घर, हे ते बांधावर जाऊन शेजाऱ्यांना विचारत आणि मग सगळ्यांना समोर बसवून दस्त मोठ्याने वाचून दाखवत. मी तहसीलच्याच गल्लीत कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा माझ्या कामाला ते 'बटणं दाबणं' म्हणायचे. म्हणूनच आत्याचं गाऱ्हाणं आलं तेव्हा मला जरा चेव चढला होता, आता माझी बटणंच कामाला येणार म्हणून.

आत्या नेकनूर रस्त्याला एकटीच राहायची. तिचे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या घरापुढे दीडेक किलोमीटरवर नवं मंगल कार्यालय झालं. मालकाने वेबसाइट करून घेतली, तिच्यावर नकाशा टाकला आणि त्यातली लाल खूण नेमकी आत्याच्या अंगणात पडली. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. पुण्याकडची मंडळी नकाशाचा कागद छापून घेऊन निघायची आणि फुलांनी सजवलेली गाडी आत्याच्या दारात येऊन उभी राहायची.

"मानसांचं काय न्हाई गं," आत्या म्हणाली, "पानी पाजून वाट दाखविन. पर नवरी उतरती अन् पयल्यांदा माझं तोंड बघती. मी ही अशी. तिचं काय बरंवाईट झालं तर?"

हे खूळ डोक्यातून काढ, असं मी तिला चांगलं सुनावलं. वडिलांनीही समजावलं. तिने ऐकलं नाही. गाडीचा आवाज आला की ती दाराआड जायची आणि फटीतून नुसता हात बाहेर काढून रस्ता दाखवायची. तो हात पाहून मला रडू आलं. रागही आला, पण कोणावर काढावा तेच कळेना.

मालकाकडे गेले. तो म्हणाला, "ताई, नकाशा आमचा न्हाई, कंपनीचा हाय. वेबसाइटवाला फोन उचलत न्हाई अन् पासवर्ड त्याच्यापाशी. मी फाट्यावर बोर्ड लावतो की." बोर्ड लागला. लोक बोर्डापेक्षा हातातल्या कागदावर विश्वास ठेवत राहिले.

उरली कंपनी. नकाशाच्या खाली बारीक अक्षरांत 'वापराच्या अटी' असं इंग्रजीत लिहिलं होतं. त्यावर क्लिक केलं तर पानंच पानं. सगळी छापून वडिलांसमोर ठेवली. आत्याही त्या दिवशी आमच्याकडे आली होती. त्यांनी चष्मा पुसला. "वाच. एक ओळ सोडू नको."

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. नकाशा जसा आहे तसा दिला आहे. तो बरोबर असेलच अशी हमी नाही. त्यावर विसंबून नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही. जो नकाशा वापरेल त्याला हे सगळं मान्य आहे असं धरलं जाईल.

"खाली सही कुणाची?"

"सही नसते, अण्णा. वापरला की मान्य."

"साक्षीदार?"

"नाहीत."

"अन् ही कुठं हाय ह्याच्यात?" त्यांनी आत्याकडे बोट केलं.

मी पानं पुन्हा चाळली. नकाशा देणारा होता, घेणारा होता. खूण ज्याच्या अंगणात पडते त्याच्याबद्दल एक शब्द नव्हता. वडिलांनी चष्मा काढून पानांवर ठेवला. मग म्हणाले, "मी ज्याचा बांध लागून हाय त्याचं नाव घातल्याबिगर दस्त पुरा केला न्हाई कधी. मग त्याला वाचता येऊ न्हाईतर न येऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टॅम्पपेपर आणला आणि कंपनीच्या नावे रीतसर चूकदुरुस्ती लेख लिहिला. कार्यालयाची चतुःसीमा, आत्याच्या घराची चतुःसीमा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या, आत्याचा अंगठा. मला म्हणाले, "धाड." याचं काय होणार ते मला पुरतं ठाऊक होतं, तरी स्कॅन करून पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, तुमचा संदेश मिळाला, धन्यवाद.

"बघ, पोच आली!" वडील खूश झाले. ती पोच माणसाने लिहिलेली नव्हती, हे सांगायचा मला धीर झाला नाही. पुढे कित्येक दिवस ते क्लासात डोकावून कंपनीचं काही आलं का म्हणून विचारत राहिले.

माझ्या हातात एवढंच उरलं. कॅलेंडरमधल्या लग्नतिथी पाहून आदल्या दिवशी आत्याला फोन करायचा. मग ती घराला कुलूप लावून दुपार टळेपर्यंत शेतात जाऊन बसायची. एका मे महिन्यात क्लासच्या परीक्षा होत्या आणि मी फोन करायला विसरले. त्या दिवशी आत्या अंगण झाडत होती. गाडी थांबली, नवरी उतरली आणि घरातलंच कोणी थोरलं माणूस समजून तिने आत्याच्या पायांना हात लावला.

पुढे केव्हातरी ती लाल खूण सरकून कार्यालयावर गेली. कोणी सरकवली, कशी, काही कळलं नाही. वडील तोवर गेले होते.

आत्या मात्र भेटली की अजून विचारते, "ती पोरगी सुखात हाय का गं? तुझ्या कंप्युटरवर तेवढं बघ की."

मी चार बटणं दाबते आणि हाय म्हणून सांगते.