यादीत नसलेलं सगळं माझं

आता काय सांगू तुम्हाला, एवढा शहाणपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मालवणजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक. नवी शाळा बांधून तयार, उद्घाटनाला गावजेवण ठरलेलं. वरची वाडी शेतकऱ्यांची, खालची मच्छीमारांची, आणि नारळ कोणी फोडायचा यावरून दोन्ही हमरीतुमरीवर!

"नारळ आमीच फोडतलव! नायतर आमची पोरां शाळेत येवची नाय," वरच्या वाडीचे तात्या गरजले.

"मगे आमची तरी कित्याक येतीत?" खालच्या वाडीचा भिवा तांडेल.

नवीकोरी शाळा आणि पोरं घरी? माझा जीव कासावीस झाला हो! पण नागरिकशास्त्र मीच शिकवत होतो ना? खडू उचलला आणि फळ्यावर राज्यघटनाच मांडली, कामांच्या याद्यांसकट. भात वरच्या वाडीचा, काळ्या वाटाण्याचं सांबार खालच्या वाडीचं. एकाने दुसऱ्याच्या चुलीत लाकूडसुद्धा घालायचं नाही. वाढप दोघांचं. नारळ दोन, फोडायचे एकदम!

"आणि यादीत नाय तां?" तात्यांनी विचारलं.

"ते सगळं केंद्राचं, घटनेत आहे तसं. आणि केंद्र म्हणजे मी!" छाती अशी फुगली म्हणून सांगू!

नारळ फुटले. पंगत बसली. आग्रहात मागे कोण राहणार? एकेका पानावर वाढायला दोन्ही वाड्या तुटून पडल्या. माणसं हात जोडून नको नको म्हणत होती.

जेवून सगळे निघाले. मी ओरडलो, "अहो, टोप कोण घासणार?"

तात्या थांबले. "भात शिजवणां आमचां, गुरुजी. घासणां यादीत नाय."

"खरां तां," भिवा म्हणाला.

दोन्ही वाड्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. खरं सांगतो, बरं वाटलं. पण टोप केवढाले! एकेकात माणूस मांडी घालून बसेल.

मी आशेने बायकोकडे पाहिलं.

"माका कित्याक बघतास? घरची चूल माज्या यादीत. ह्यां केंद्राचां!"

मग काय! दिवस मावळेपर्यंत मी विहिरीवर, राख आणि काथ्या घेऊन. दोन्ही वाड्यांची पोरं ओळीने उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मात्र शाळा गच्च भरली. दोन्हीकडची पोरं मांडीला मांडी लावून बसलेली. मला अगदी भरून आलं. हजेरी घेतली आणि उत्साहाने पहिलाच प्रश्न टाकला, "सांगा बघू, केंद्र सरकार काय करतं?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "टोप घासता!"