वेताळाला औषध

हिरामण पेठकडच्या डोंगरातला. बोहाड्यात, म्हणजे गावाच्या मुखवट्यांच्या उत्सवात, वेताळाचं सोंग नाचवायचा मान त्याच्या घराण्याचा. पण पोटासाठी गाव दरवर्षी द्राक्षबागांवर पांगू लागलं, बोहाडा बंद पडला आणि लाकडी वेताळाला भुंगा लागला. तेव्हा, ब्याण्णव साली, हिरामणनेच तो नाशिकच्या एका खासगी संग्रहालयात नेऊन दिला. तिथेच त्याला शिपायाची नोकरी मिळाली. देवामागे पुजारीही पळाला, अशी गाव चेष्टा करायचं.

संग्रहालयाला काचेची कपाटं परवडत होती, किडीचं औषध नाही. डांबराच्या गोळ्यांनी भुंगा काय मरणार, कप्पाळ! मग हिरामण द्राक्षबागेतून फवारणीची पावडर आणायचा आणि पाण्यात कालवून वेताळाला आतून चोपडायचा. बाकीचे मुखवटे पोखरले, वेताळ ठणठणीत राहिला. व्यवस्थापक सुवर्णाबाईंना त्याचं कौतुकच वाटे. काय चोपडतोस, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दोन हजार चारला गावाने बोहाडा पुन्हा धरला. हिरामणने बाईंच्या हातापाया पडून वेताळ दोन दिवसांसाठी मागून घेतला. आपल्या घरचं सोंग पुन्हा एकदा घरच्यानेच नाचवावं, एवढीच त्याची आस. निघताना त्याने आतून औषधाचा आणखी एक जाड हात दिला. देव गावात किडका जायला नको.

उजाडताना धाकटा भाऊ वाळू वेताळ बांधून उतरला. संबळ तापला, वाळू घामाने निथळला. मग तो थरथरू लागला, मुखवट्याखालून फेस आला.

"वारं आलं! वेताळ आला!"

लोक पाया पडू लागले. हिरामणही पडला. आनंदाने रडत होता तो. मुखवटा काढायचं कुणाच्या मनात येणार? अंगात आलेल्या देवाला कोण हात लावतो! वाळू कोसळला तेव्हा हिरामणने गाठी सोडल्या, आणि ओल्या लाकडाचा वास त्याच्या नाकात गेला. तो औषधाचा होता.

जीप पेठला पोचेपर्यंत वाळू गेला होता.

वेताळाने नेला, असं गाव म्हणालं. आई, भागीबाई, तेवढ्यावर तग धरून होती. दिवसकार्य झाल्यावर हिरामणला राहवेना. त्याने तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं.

म्हातारीने उठून दार लोटून घेतलं.

"आनखी कोनाला सांगितलं?"

"नाय."

"नको सांगू. एक पोर देवानं नेला म्हनून मी जगन. तुझ्या हातानं मेला म्हनलं, तर दोन्ही पोरं गेली माझी."