कप्तान सरांचा हात

शाळेत सगळे त्यांना कप्तान म्हणायचे. प्रत्यक्षात नौदलातली चौदा वर्षं त्यांनी जहाजाच्या पोटात, इंजिनाशेजारी काढली होती. त्या आवाजानं डावा कान गेला. मुलांनी विचारलं, "सर, समुद्र कसा असतो हो?" की म्हणायचे, "मला काय ठाऊक? मी तळघरात होतो."

ते गणित शिकवायचे, मी भूगोल. मी कंत्राटी, ते कायम. आमच्या भानगडीत पडायचं त्यांना कारण नव्हतं. पण प्रयोगशाळेच्या बाई गरोदर होत्या म्हणून सुटीनंतर त्यांना परत घेतलं नाही, तेव्हा कप्तान मुख्याध्यापकांच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी आम्हीही बसलो. त्यातून संघटना उभी राहिली, एकोणीस दिवसांचा संप झाला आणि अर्धं वर्ष घरी काढून बाई कामावर परतल्या.

कायम होण्यासाठी मात्र कायदाच बदलायला हवा होता. आम्ही कप्तानांना निवडणुकीला उभं केलं.

"बाई, मला एका कानानं ऐकू येत नाही."

"तिथे दोन कानांनी तरी कोण ऐकतं?" मी म्हटलं. ते हसले आणि फसले.

पक्षानं तिकीट दिलं, ते निवडून आले. तिसऱ्या वर्षी विधेयक आलं: सलग दहा वर्षं झालेले कायम, बाकीच्यांना कायमचा नारळ. बाजूनं मत द्यायचा पक्षाचा आदेश होता. त्यांनी मला कार्यालयात बोलावलं. खोलीची खिडकी रंगानं चिकटून बसली होती. बोलता बोलता ते ती उघडायला बघत होते.

"मतं अगदी काठावर आहेत. मी विरोध केला तर विधेयक पडतं, सगळेच लटकतात. हात वर केला तर निम्म्यांच्या पोटावर पाय देणारा मी."

"राजीनामा द्या."

"बायकोही तेच म्हणते. माझ्या जागी येईल तो डोळे मिटून हात वर करील." मग म्हणाले, "तुमची दहा झाली ना?"

"बारा."

"आणि प्रयोगशाळेच्या बाईंची?"

त्यांची सलग नोकरी तोडणारं ते अर्धं वर्ष आम्हा दोघांनाही पाठ होतं.

त्यांनी हात वर केला. मी कायम झाले, बाई घरी बसल्या. महिन्याभरात संघटनेची सभा भरली. चिटणीस मीच, त्यामुळे कप्तानांना संघटनेतून काढून टाकण्याचा ठराव मलाच वाचावा लागला. ते पहिल्या रांगेत, उजवा कान माझ्याकडे करून बसले होते.

"मोठ्यानं वाचा, बाई."

मी वाचला. त्यांच्या मतामुळे ज्यांची नोकरी टिकली, त्यांचेही हात वर गेले. माझाही गेला.

पुढे ते प्रयोगशाळेच्या बाईंकडे गेले. बाईंनी चहा दिला. "माझ्यासाठी तुम्ही एकदा बसलात सर," त्या म्हणाल्या, "पण आता इथे बसू नका. मला बघवत नाही." कप अर्धा ठेवून ते उठले.

पुढच्या खेपेला पक्षानं तिकीट नाकारलं. शाळेत त्यांची जागा केव्हाच भरली होती. आता कधी बाजारात भेटतात.

"काय म्हणते संघटना?"

"चाललंय."

याच्या पुढे आम्ही दोघंही जात नाही. ते पिशवी सावरतात आणि मी पेपर तपासायचे राहिलेत असं सांगून निघते.